यंत्राचा पदपाठ आणि त्याचे वाचक

जव्हार आणि मोखाडा अशा दोन्ही तालुक्यांतली मंडळी समोर आहेत, बाकीची ऑनलाइन ऐकतील. तेव्हा विषय आधी साध्या शब्दांत सांगतो.

प्रोसेसर जी आज्ञावली चालवतो, ती म्हणजे आकड्यांची एक सलग रांग. त्या रांगेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला माणसाला वाचता येईल असं रूप देणारा प्रोग्राम म्हणजे डिसअसेम्बलर. ऑब्जडम्प हा त्यातला फार वापरला जाणारा. त्याने पडद्यावर छापलेला मजकूर पुन्हा दुसऱ्या प्रोग्रामकडून ओळीओळीने वाचून घ्यायचा, अशी पद्धत सर्रास रूढ आहे. आमची टीका आहे ती या वाचनपद्धतीवर. आमचं म्हणणं असं, की तो छापील मजकूर मूळ संहिता नाही, संहितेवरचं भाष्य आहे. आणि भाष्य कोणत्या व्याकरणाने लिहिलंय हे न विचारता वाचणारा हमखास ‘ध’चा ‘मा’ करतो.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं? कारण प्रश्न नवा नाही. ऋग्वेदाची संहिता संधी करून, सलग म्हटली जाते. शाकल्याचा पदपाठ ती पदं सुटी करून दाखवतो. पण पदं सुटी करणं हा माणसाचा निर्णय असतो. पतंजलीच्या महाभाष्यात पदपाठकार आणि व्याकरण यांत प्रमाण कोण, असा प्रश्न येतो, आणि निवाडा व्याकरणाच्या बाजूने होतो. भर्तृहरी तर आणखी पुढे जातो. त्याच्या मते वाक्य अखंड आहे, पदं ही आपण समजुतीसाठी वेगळी काढलेली. डिसअसेम्बलरचा निकाल हा असा पदपाठ आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धं काम होतं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. मोडी कागदात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ‘आजीवनवास’ असं सलग लिहिलेलं दिसलं, तर ‘आजीवन वास’ की ‘आजी, वनवास’? अक्षरं तीच, तोडायचं कुठे हे अक्षरं सांगत नाहीत. एक्स८६ घराण्याच्या प्रोसेसरची आज्ञा एक बाइटापासून पंधरा बाइटांपर्यंत कितीही लांब असते, म्हणून तिथे हेच होतं. ‘ईबी, एफएफ, सी०’ असे तीन बाइट घ्या. पहिले दोन मिळून उडीची आज्ञा होते, आणि ती उडी पडते त्याच आज्ञेच्या दुसऱ्या बाइटावर. तिथून वाचलं की ‘एफएफ, सी०’ ही ‘एक मिळवा’ अशी आज्ञा निघते. मधला बाइट दोन्ही आज्ञांचा आहे! पण वरून खाली सरळ वाचत जाणारा ऑब्जडम्प उडी छापतो आणि तिसऱ्या बाइटापासून भलतीच आज्ञा सुरू करतो. त्याचा मजकूर नीटनेटका दिसतो, पण यंत्र त्या वाटेने गेलेलंच नसतं.

उलट, ६४ बिटी एआरएममध्ये प्रत्येक आज्ञा चार बाइटांची. तिथे तोडण्याचा घोळ नाही, असं वाटेल. मात्र ३२ बिटी एआरएममध्ये ‘थम्ब’ नावाची दुसरी रीत आहे. तिच्यात आज्ञा दोन किंवा चार बाइटांच्या. कोणती रीत चालू आहे हे त्या बाइटांत लिहिलेलं नसतं. ते फाइलीतल्या खुणांवरून कळतं, आणि फाइलीतून खुणा काढून टाकलेल्या असल्या तर वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. शिवाय आज्ञांच्या मध्येच नुसते आकडे साठवून ठेवलेले असतात, तेही आज्ञा म्हणून वाचले जाऊ शकतात.

आता छापील मजकुराकडे या. खरी फसगत इथे होते. वारली चौकात सुटा त्रिकोण डोंगर असतो, आणि टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड. खूण तीच, पण ती कुठे आणि कशाशेजारी आहे त्यावर अर्थ ठरतो. ऑब्जडम्पच्या मजकुरात ‘हॅश’ या खुणेचं तसंच आहे. एक्स८६च्या नेहमीच्या छपाईत हॅशनंतर येते ती टीप. ती टाकून दिली तरी चालतं. ६४ बिटी एआरएममध्ये हॅशनंतर येतो तो आज्ञेतला प्रत्यक्ष आकडा, आणि टीप येते दोन तिरक्या रेघांनंतर. म्हणजे ‘हॅशपासून पुढचं कापा’ हा एका घरी शहाणा ठरणारा नियम दुसऱ्या घरी आज्ञेचा प्राणच काढून घेतो.

अशा जागा आणखी आहेत. एक्स८६साठी ऑब्जडम्प बाइट सुटे सुटे, स्मृतीतल्या क्रमाने छापतो. ६४ बिटी एआरएमसाठी चारही बाइटांचा मिळून एक आकडा छापतो, त्यामुळे स्मृतीतला क्रम उलटा दिसतो. ‘काहीही करू नका’ ही आज्ञा स्मृतीत ‘१एफ, २०, ०३, डी५’ अशी असते, आणि कागदावर ‘डी५०३२०१एफ’ अशी उमटते. एक्स८६ची लांब आज्ञा एका ओळीत मावत नाही, मग उरलेले बाइट पुढच्या ओळीत येतात आणि त्या ओळीत आज्ञेचं नावच नसतं. ‘एक ओळ म्हणजे एक आज्ञा’ असं धरणारा तिथे मोजणीत चुकतो. शून्यांची लांब रांग आली तर तीन टिंबं देऊन ती गाळली जाते. कोणता घटक देणारा आणि कोणता घेणारा, याचा क्रमही एटीअँडटीच्या रीतीत एक आणि इंटेलच्या रीतीत उलटा. मिप्समध्ये तर उडीच्या खालची आज्ञा उडी पुरी होण्याआधी चालते. वरून खाली वाचणाऱ्याला काळाचा क्रमही कळत नाही.

यात ऑब्जडम्पचा दोष किती? आमच्या मते थोडा. तो माणसाच्या डोळ्यांसाठी लिहितो, आणि जे ओळखता येत नाही तिथे ‘बॅड’ असं सरळ छापतो. शाकल्यानेही काही थोड्या ऋचांचा पदपाठ दिलेला नाही; न तोडणं हाही प्रामाणिकपणाच. दोष आहे तो त्याच्या मजकुराला प्रमाणग्रंथ मानणाऱ्यांचा.

कुणी म्हणेल, ‘आमच्याकडे एकाच जातीचे प्रोसेसर आहेत, आमचं चाललंय ना?’ पुण्याच्या सी-डॅकचा इतिहास पाहा. १९९१च्या परम ८०००मध्ये ट्रान्सप्युटर होते. त्यांची आज्ञा एका बाइटाची, अर्धा बाइट काम सांगायला आणि अर्धा आकड्याला. मोठा आकडा हवा तर आधी जोडबाइट लावत जायचे. १९९८च्या परम १००००मध्ये अल्ट्रास्पार्क आले. पुढे परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर४, आणि परम युवामध्ये इंटेलचे. एकाच संस्थेत, एकाच नावाखाली, एका पिढीत चार व्याकरणं! आज तर लांब जायलाच नको. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये बहुधा एआरएम असतो आणि कॉलेजच्या संगणकात बहुधा एक्स८६.

यात धोका कोणता? नुसता बंद पडणारा प्रोग्राम परवडला, तो निदान ओरडतो. चुकीच्या व्याकरणाने वाचणारा तपासनीस प्रोग्राम ओरडत नाही. तो फोनमधली फाइल पाहतो, त्याच्या ओळखीच्या आकाराचं काही सापडत नाही, आणि तो लिहून देतो: ‘संशयास्पद काही आढळले नाही.’ वाचता आलं नाही आणि तिथे काही नव्हतं, ही दोन वाक्यं एकच नव्हेत. ज्ञानाचा अभाव म्हणजे वस्तूच्या अभावाचं ज्ञान नव्हे, हे आपल्या दर्शनांनी फार पूर्वी घोळून ठेवलंय.

जव्हार-मोखाड्यात हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. घरी वारली किंवा कोकणा बोलणारं मूल शाळेत येतं, आणि पुस्तकी मराठीच्या साच्यात त्याचं उत्तर बसलं नाही की ‘याला येत नाही’ असा शेरा पडतो. मुलाला येत असतं, तपासणाऱ्याला ते व्याकरण येत नसतं. शेरा मात्र मुलाच्या नावावर चढतो.

मग करावं काय? चार गोष्टी. पहिली, वाचण्याआधी विचारा: प्रोसेसर कोणता, रीत कोणती, बाइटांचा क्रम कोणता, हे फाइलीच्या मथळ्यात बरंचसं लिहिलेलं असतं. दुसरी, छापील मजकूर चिरण्यापेक्षा कॅपस्टोनसारखी लायब्ररी वापरा. २०१३पासून ती उपलब्ध आहे, आणि आज्ञा, तिची लांबी, तिचे घटक वेगवेगळे हातात देते. तिसरी, मजकूरच वाचायचा असेल तर प्रत्येक घराण्यासाठी वेगळे नियम लिहा, आणि न समजलेली ओळ गिळू नका, बाजूला काढून मोजा. चौथी, अहवालात तीन रकाने ठेवा: आढळलं, आढळलं नाही, वाचता आलं नाही. तिसरा रकाना रिकामा असेल तरच दुसऱ्यावर भरवसा ठेवा.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ; जव्हारच्या विद्यार्थ्यांनी आधी विचारावेत.