हाड ‘मरते’ म्हणजे काय?

जुलै २०२१ मध्ये वृत्तपत्रांत ‘बोन डेथ’ हे शब्द झळकले. कोविडमधून बरे झालेल्या तीन रुग्णांना खुब्याच्या हाडाचा विकार झाल्याचे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व सहकाऱ्यांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये मांडले होते. पुढे रोह्यात शिक्षकांशी गप्पा मारताना ही कात्रणे निघाली. एका बाईंनी विचारले, “पण हाड मुळात जिवंत असते का?” आमच्या हातातल्या एकाही कात्रणात याचे उत्तर नव्हते.

हाड जिवंत असते. त्याच्या खनिज भागातील सूक्ष्म कोटरांत पेशी असतात आणि रक्तवाहिन्या त्यांना प्राणवायू पुरवतात. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून निघणारे कालवे रोहेकरांना परिचित आहेत. कालव्याच्या शेपटाकडच्या शेताला दुसरीकडून पाणी नसेल, तर वाट बुजताच ते आधी सुकते. मांडीच्या हाडाचा गोल माथा असाच टोकावर आहे. त्याचा बराचसा रक्तपुरवठा हाडाच्या मानेला लगटून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांवर अवलंबून असतो. तो तुटला, की एक-दोन दिवसांत पेशी मरतात.

‘हाड मेले’ म्हटले की ते कुजले असे वाटते. तसे नसते. येथे जंतू नसतात आणि खनिज भाग जागेवरच राहतो. म्हणून सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. माथा ढासळतो तो पुढे, डागडुजी चालू असताना! नव्या वाहिन्यांबरोबर आलेल्या पेशी जुने हाड झपाट्याने पोखरतात, नवे मात्र सावकाश घडते. मधल्या काळात शरीराचा भार पोकळ झालेल्या माथ्यावर पडतो.

बातम्यांतील दुसरी उणीव कारणाबद्दलची. स्टेरॉइडमुळे असे होते, हे २००३ च्या सार्स साथीनंतरही दिसले होते. या अहवालातील नावीन्य वेगळे आहे. रुग्णांना सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन मिळाले होते. एरवी सुमारे २००० मिलिग्रॅमनंतर होणारा विकार येथे कमी मात्रेत आणि सरासरी ५८ दिवसांत दिसला. पण रुग्ण तीनच. त्यावरून धोक्याचे प्रमाण काढता येत नाही. शिवाय २०२० च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटवले होते. ही बाजू न सांगता दिलेली बातमी औषधाची भीती तेवढी वाढवते.

उपचारांतही सावधगिरी हवी. हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरणारी बिसफॉस्फोनेट औषधे डॉ. अगरवाला अनेक वर्षे वापरत आले. तैवानमधील २००५ च्या लहान चाचणीने त्यांना दुजोरा दिला. २०१२ च्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा आढळला नाही. माथा शाबूत असेल, तर छिद्र पाडून आतील दाब कमी करतात. ढासळल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो. म्हणून वाचकाला खरे सांगायला हवे होते ते एवढेच: स्टेरॉइड घेतल्यानंतर जांघेत किंवा खुब्यात दुखणे टिकले, तर वेळीच तपासून घ्या, आणि स्टेरॉइड स्वतःच्या मनाने घेऊ नका, तोडूही नका.

दोष एकट्या वार्ताहरांचा नाही. हाडाचा पाठ आपण कॅल्शियम आणि हाडांच्या संख्येवर संपवतो. बोकडाचे एक लांब हाड स्वच्छ करून वर्गात न्या. त्याच्या मधल्या भागावर बारीक भोक सापडेल. ते कशासाठी, हे मुलांना विचारा. रक्तवाहिनी तेथूनच आत जात होती.