वाचणे आणि कळणे : आरोग्यसाक्षरतेच्या मापनाविषयी काही विचार

दीर्घकालीन व्याधी असलेल्या तरुणांची आरोग्यसाक्षरता व त्यांच्या मनाची उभारी मोजण्याच्या प्रश्नावल्या बहुतांशी इंग्रजीत जन्मल्या. त्या मराठीत उतरवताना भाषेचा प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा. तो बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. प्रस्तुत लेखकाचा वैद्यकशास्त्राशी संबंध नाही. केवळ भाषेच्या अंगाने, आणि शहापूर-मुरबाड भागातील आदिवासी पाड्यांत आढळणारा सिकलसेल हा आजार डोळ्यांसमोर ठेवून, येथे काही विचार मांडावयाचे आहेत.

'रेल्म' या नावाने प्रसिद्ध असलेली अमेरिकन चाचणी घ्या. १९९३ साली रूढ झालेल्या तिच्या स्वरूपात वैद्यकीय व्यवहारातील ६६ शब्द रुग्णाकडून मोठ्याने वाचून घेतात व बरोबर उच्चारांचे गुण देतात. इंग्रजी लेखन उच्चाराशी एकनिष्ठ नाही. शब्द पूर्वी कानांवरून गेला नसेल तर तो नेमका उच्चारता येत नाही. म्हणून तेथे उच्चारावरून परिचयाचे अनुमान ढोबळमानाने काढता येते. देवनागरीत हा आधारच नाहीसा होतो. आश्रमशाळेतील सातवीचा विद्यार्थी 'रक्तविलयन' हा शब्द किंचित अडखळत, पण बरोबर वाचील. अर्थ त्याच्या गुरुजींनाही ठाऊक असेल असे नाही. स्पॅनिशच्या बाबतीत हीच अडचण आली, तेव्हा २००६ साली सिद्ध झालेल्या ५० शब्दांच्या चाचणीत प्रत्येक शब्द वाचल्यावर दोन शब्दांपैकी त्याच्या अर्थाच्या जवळचा कोणता, हे विचारण्याची योजना करण्यात आली. मराठीत याहून कमी करून भागणार नाही.

किंबहुना याहून अधिक करावे लागेल, कारण आपल्याकडे अपरिचित शब्दापेक्षा परिचित शब्द अधिक फसवा ठरतो. सिकलसेलची एकच जनुक-प्रत ज्याच्याकडे आहे त्याला आपण 'वाहक' म्हणतो. आसनगाव स्थानकाबाहेर एसटीत चढणाऱ्या मुलाच्या लेखी वाहक म्हणजे तिकीट देणारा. परिभाषा म्हणून शब्दात दोष नाही. परंतु 'तू वाहक आहेस' एवढे सांगून पाठविलेल्या तरुणाला दोन वाहकांच्या विवाहातून होणाऱ्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, हे त्या शब्दातून कसे उमगावे? उलट विळ्याचा दाखला द्या. भातकापणी केलेल्या हातांना तांबड्या पेशीचा वाकडा आकार आणि तिचे बारीक रक्तवाहिनीत अडकणे चटकन कळते.

पुन्हा, येथील घरांत बोलली जाते ती मराठी प्रमाण नव्हे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कातकरी, वारली, ठाकरी बोलींची नोंद आहे. शाळेच्या भाषेत कमी गुण मिळविणारी कातकरी मुलगी आपल्या दुखण्याविषयी अडाणी आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे बोलीला आजार समजणे होय.

प्रश्न भाषेपाशीही थांबत नाही. सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, हे उत्तर त्या मुलीला तोंडपाठ असू शकेल. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा व भातसा हे जलाशय याच शहापूर तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तिला गुण द्यावेत. पण ते कशाचे?

उभारीच्या मापनात गुंता अधिक आहे. २००८ सालची सहा विधानांची संक्षिप्त मोजपट्टी ही उभारी म्हणजे संकटानंतर पूर्वस्थितीस परत येणे, असे धरून चालते. मूळ लॅटिन धातूचा अर्थही मागे उडी घेणे असाच आहे. परंतु जन्मजात व्याधीला पूर्वस्थिती कोणती? वेदनेचा झटका पुन्हा येणार, हे येथे गृहीतच असते. मराठीत 'लवचिकता' हा पर्याय सुचविला जातो. तो वेताच्या छडीला शोभतो, माणसाला नव्हे. आपल्याजवळ 'तग धरणे', 'निभावणे', 'सोसणे' अशी क्रियापदे आहेत, मात्र त्यांतील शेवटचे अत्यंत धोक्याचे आहे. 'मी दुखणे सोसू शकतो' या विधानाला होकार देणारा मुलगा उभारीच्या पट्टीवर वर चढेल. हाच मुलगा ताप व छातीतील कळ कोणाला न सांगता रात्र काढील, आणि सिकलसेलमध्ये अशी रात्र जिवावर बेतू शकते. एका मोजपट्टीवरचा गुण दुसऱ्या मोजपट्टीवरचा दोष ठरत असेल, तर त्या दोहोंतील सहसंबंधाचा आकडा काढून काय हाती लागणार?

उंगर व लीबेनबर्ग यांची बालक-युवकांसाठीची २८ विधानांची मोजपट्टी मला त्यातल्या त्यात जवळची वाटते. ती अकरा देशांतील तरुणांच्या साह्याने घडली, त्यांत भारतही होता; आणि ती मुलाच्या स्वभावाइतकीच त्याच्या नात्यांची व भोवतालाची चौकशी करते. तरीही तिचे भाषांतर करण्यापूर्वी पाड्यावर बसून एक साधा प्रश्न बोलीत विचारून पाहावा : रात्री ताप भरला, छातीत कळ आली, तर कोणाला उठवशील? आणि तो उठला नाही, तर मग कोणाला?