अळ्या मेल्या, पण कशाने?

कडुनिंबाच्या किंवा सीताफळाच्या पानांचा अर्क, चंचुपात्रात डासांच्या अळ्या, चोवीस तासांनी मेलेल्या अळ्यांची टक्केवारी आणि शेवटी ‘स्वस्त, नैसर्गिक व निर्धोक डासनाशक’ हा निष्कर्ष. शालेय विज्ञान-प्रदर्शनांतील तक्त्यांवर ही मांडणी दिसते, तशीच ती संशोधनपत्रिकांतील कित्येक लेखांतही दिसते. कल्पना चांगली आहे. निष्कर्ष मात्र पुराव्याच्या फार पुढे धावतो, अशी आमची तक्रार आहे.

पहिला प्रश्न तुलनेचा. अर्क मेथॅनॉलमध्ये काढला असेल, तर तेवढेच मेथॅनॉल घातलेल्या, पण अर्क नसलेल्या पाण्यातही अळ्या ठेवायला हव्यात. कडुनिंबाचे तेल वापरले असेल, तर शेजारी शेंगदाण्याच्या तेलाचे पात्र हवे. डासाची अळी पृष्ठभागाशी येऊन श्वास घेते. साध्या तेलाचा तवंगही तिला गुदमरवू शकतो. मग श्रेय कडुनिंबाला कसे द्यावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या चाचणी-पद्धतीनुसार, तुलनेच्या पात्रांतच ५ ते २० टक्के अळ्या मेल्या तर उरलेले सारे आकडे दुरुस्त करून घ्यावे लागतात.

दुसरा प्रश्न मात्रेचा. टेमेफॉस हे कृत्रिम अळीनाशक साठवणीच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे १००० लिटरच्या टाकीला १ ग्रॅम पुरते. समजा, एखाद्या अर्काने लिटरला १०० मिलिग्रॅम या मात्रेत निम्म्या अळ्या मारल्या. त्याच टाकीला १०० ग्रॅम अर्क लागेल आणि तरीही निम्म्या अळ्या जगतील! शिवाय पानांचा अंश पाण्यात कुजला, तर क्युलेक्स डासांच्या माद्या अंडी घालायला तिकडेच येतील. त्यांना पकडण्याच्या सापळ्यांत गवत कुजवलेले पाणी वापरतात, ते याचसाठी.

तिसरा प्रश्न ‘नैसर्गिक’ या शब्दाचा. तंबाखूतील निकोटीन नैसर्गिकच आहे आणि माणसालाही विषारी आहे. काही शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांतील रोटेनोन मासे मारते; अळ्या खाण्यासाठी आपण सोडलेले गप्पी मासेही त्यातून सुटणार नाहीत.

वनस्पतींकडून काही मिळतच नाही, असे नव्हे. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रमच्या फुलांत पायरेथ्रिन ही कीटकनाशके असतात. ती उन्हात लवकर नष्ट होतात. त्यांची रेणुरचना उलगडल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी तशाच घडणीचे रेणू तयार केले: १९४९ साली अ‍ॅलेथ्रिन, १९७३ साली उन्हात टिकणारे परमेथ्रिन. मच्छरदाण्यांना लावतात ती औषधे याच घराण्यातली. फुलापासून मच्छरदाणीपर्यंतची ही वाट अनेक दशकांची होती.

म्हणून शिक्षकांनी हा प्रकल्प बंद करू नये. त्याला प्रश्न विचारावेत. तुलनेचे पात्र कुठे आहे? प्रयोग किती वेळा केला? मात्रा किती? डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटतात, आणि अंड्यातून बाहेर पडल्यावर आठ-दहा दिवसांत डास उडतो. अर्कावर विसंबून ज्या घराने आठवड्याला पिंप घासणे सोडले, त्या घराला प्रदर्शनातले बक्षीस महागात पडेल.