चरा, झीज आणि जवारी

रोजच्या वापरातली एखादी वस्तू समोर ठेवायची आणि तिच्या निमित्तानं थोडा विचार करायचा, असं आपलं इथं चाललेलं असतं. आजचा विषय तुमच्यातूनच आला. नवीन स्मार्टवॉच घेतलं, दोन महिन्यांत काचेवर चरा पडला. घड्याळ उत्तम चालतंय, पण वेळ बघायला मनगट वर केलं की नजर आधी चऱ्यावर जाते. यावर तत्त्वज्ञानाकडे काही उत्तर आहे का?

विचारणाऱ्यानं कदाचित थोडं चेष्टेनं विचारलं असेल. मी मात्र तो प्रश्न गंभीरपणे घेणार आहे. हप्त्यावर घेतलेली वस्तू असते, तिचे हप्ते अजून फिटायचे असतात, आणि ती ‘जुनी’ दिसायला लागते. हे दुःख लहान असेल, पण खोटं नाही. मात्र आपण ते चुकीच्या जागी करतो, असं मला आज मांडायचं आहे.

आधी चरा पडतो कसा ते बघू. १८१२ साली फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञानं कठीणपणाची उतरंड लावली. सगळ्यात खाली शंखजिरं, क्रमांक १. सगळ्यात वर हिरा, क्रमांक १०. वरचा खालच्याला ओरखडतो, एवढाच नियम. घड्याळाची टणक केलेली काच साधारण ६ च्या आसपास येते. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर. महागड्या घड्याळांत असते ती सफायरची काच ९ वर. आता आपण राहतो तो सातारा-सांगलीचा मुलूख काळ्या पत्थराचा, बेसॉल्टचा. हा दगड काचेच्या तोडीस तोड, आणि त्याच्या पोकळ्यांत गारगोटीही सापडते. रस्त्यावरच्या धुळीत, बांधकामाच्या वाळूत गारगोटीचे कण असतातच. ते बाहीला चिकटतात, आणि आपण बाहीनंच काच पुसतो! चरा पडला यात तुमचा हलगर्जीपणा नाही. मातीचं आणि काचेचं हे नातंच तसं आहे.

मग सफायर घ्यावं का? चरे कमी पडतील, हे खरं. पण कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. जे सहजी ओरखडत नाही ते आपटल्यावर तडकू शकतं. आणि जाहिरातीतला शब्द नीट वाचा. तिथं ‘स्क्रॅच-रेझिस्टंट’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे चऱ्याला विरोध करणारं. आपण वाचतो ‘चरा न पडणारं’. विरोध करणारा हरूही शकतो, हे आपण सोयीनं विसरतो.

आता या चऱ्यावर समाजात दोन उत्तरं फिरतात. पहिलं उत्तर राखणीचं. काचेवर काच लावा, वर कव्हर घाला, काम करताना घड्याळ काढून ठेवा. संरक्षक काच लावायला माझी काही हरकत नाही. ती दुसऱ्याच्या वाटची झीज आपण घेते. पण घट्ट कव्हराच्या आत धूळ अडकली की तीच आतून घासत राहते, हेही ध्यानात असू द्या. आणि पावलं मोजायचं घड्याळ जर चालताना काढून ठेवायचं, तर ते घेतलं कशाला?

दुसरं उत्तर जास्त गोड आहे, म्हणून जास्त तपासायला हवं. ते म्हणतं, ‘चऱ्यावर प्रेम करा. प्रत्येक चरा ही तुमच्या जगण्याची खूण.’ मग जपानची साक्ष काढली जाते. वाबी-साबी, सोन्यानं सांधलेली भांडी. जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली सावल्यांवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, हाताळून हाताळून वस्तूंवर जी मळकट झळाळी येते तिची बाजू घेतली, हे खरंच. आपल्याकडचे लोक लगेच म्हणतात, अहो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

पण जरा थांबू या. तानिझाकी बोलतात ते लाकूड, कागद, धातू यांच्याबद्दल. लाकडाला हाताचं तेल मुरतं, ते गडद होतं. म्हणजे वापर त्या वस्तूत काही भर घालतो. काचेवरचा चरा भर घालत नाही, तो नुसतं वजा करतो. आणि टाकीचे घाव म्हणाल, तर टाकी पाथरवटाच्या हातात असते. घाव कुठं घालायचा हे त्याला ठाऊक असतं. दाराच्या कडीवर घासलेल्या घड्याळाला देवपण कुठून येणार?

या गोड उत्तराचा दुसरा दोष मला जास्त खुपतो. यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळणाऱ्या हौशी धावपटूच्या मनगटावर चरे पडलेलं घड्याळ असलं, तर आपण म्हणतो, वा, काय वापरलंय! तेच घड्याळ, तेच चरे, कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर उभ्या राहणाऱ्या पोराच्या हातावर असले, तर म्हणतो, कुठून जुनं उचललं रे? चरा तोच. एकाचा अनुभव होतो, दुसऱ्याची गरिबी. तेव्हा ‘चऱ्याचं सौंदर्य’ हे बऱ्याचदा चऱ्याचं नसतंच. ज्याला उद्या नवं घेता येतं त्यालाच आजच्या जुन्याचं कौतुक परवडतं. ज्याला परवडत नाही त्याला आपण हे तत्त्वज्ञान ऐकवतो, तेव्हा त्याच्या अडचणीला नुसता मुलामा देत असतो.

मग दोन्ही उत्तरं सोडून विचार करायचा कसा? त्यासाठी जपानला जायची गरज नाही. सांगलीहून मिरज किती लांब आहे?

मिरजेच्या सतारी आणि तंबोरे सगळ्या देशात जातात. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. या धंद्याचं मूळ एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापाशी जातं. हे घराणं मूळचं शिकलगारांचं. शस्त्रं घडवणं, त्यांचा गंज काढणं, त्यांना धार लावणं हा त्यांचा व्यवसाय. राजेरजवाड्यांचे दिवस फिरले, तलवारींचं काम आटलं, आणि तेच हात वाद्यांकडे वळले. म्हणजे बघा, झीज ओळखायची आणि ती निस्तरायची, हे कसब एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत आलं.

आता सतारीची घोडी बघा. तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. हाडाची, शिंगाची, हल्ली कृत्रिम पदार्थाचीही असते. तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी सूक्ष्म उतार-गोलाई दिलेली असते. तार त्या उतारावर हलकेच स्पर्श करत थरथरते, म्हणून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. याला म्हणायचं जवारी. पण वाजवलं की तार घोडीला घासणारच. हळूहळू तिथं खाच पडते आणि आवाज बिघडतो. मग वादक वाद्य घेऊन कारागिराकडे येतो. कारागीर तारा सैल करतो, घोडीचा माथा कानशीनं आणि पॉलिशपेपरनं पुन्हा घासतो, तार छेडून कान लावतो, परत घासतो. याला जवारी काढणं म्हणतात.

यात तीन गोष्टी आहेत. एक, इथं चरा सुंदर मानलेला नाही. खाच म्हणजे खाच. तिच्यावर कोणी कविता करत बसत नाही, ती काढतात. दोन, पण खाच पडली म्हणून कोणी हळहळतही नाही. वाजवलं तर खाच पडणार, हे वाद्य घडवतानाच गृहीत धरलेलं आहे. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. दुरुस्ती हीसुद्धा झीजच आहे. दर वेळी घासताना घोडी थोडी कमी होते, एक दिवस संपते. मग नवी घोडी बसवतात, आणि सतार पुढं चालू राहते. झीज कुठं व्हावी, किती व्हावी आणि ती कुणाकडे न्यावी, याचं उत्तर वस्तूच्या रचनेतच आहे. आणि चार गल्ल्यांपलीकडे ते उत्तर जाणणारा माणूस बसलेला आहे.

आपल्या घरांतही हेच होतं. जात्याला, पाट्याला टाकी लावणारी बाई दारावरून जायची. पितळी भांड्याला कल्हई लावणारा यायचा. एचएमटीचं घड्याळ आठवा. १९६१ साली बंगळूरला कारखाना निघाला, आणि २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचा निर्णय सरकारनं घेतला. त्या जुन्या घड्याळांची ॲक्रिलिकची काच आजच्या काचेपेक्षा किती तरी मऊ. पटापट चरे पडायचे. पण लोक टूथपेस्ट लावून घासायचे आणि चरे बरेचसे जायचे. फारच झालं तर घड्याळजी काच बदलून द्यायचा. हाच टूथपेस्टचा उपाय स्मार्टवॉचवर करू नका. ती काच टणक, तिचा चरा जाणार नाही. वरचा पातळ थर तेवढा निघेल.

‘जुनं ते सोनं’ असं मी म्हणत नाही, हे नीट लक्षात घ्या. कल्हईवाला धुरात आयुष्य काढायचा. एचएमटीला तुमच्या हृदयाचे ठोके कळत नव्हते. साताऱ्यात एकटी राहणारी आई घरात पडली, तर तिच्या हातावरच्या काही घड्याळांतून पुण्यातल्या मुलाला कळू शकतं, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच ते घड्याळ किती दिवस साथ देणार, हा प्रश्न गंभीर होतो.

आणि इथं मी सुरुवातीच्या मुद्द्यावर येतो. स्मार्टवॉचची खरी झीज चऱ्यात नाहीच. काचेवरच्या चऱ्यानं आतलं काही बिघडत नाही. ठोके मोजणारा हिरवा प्रकाश पाठीमागं असतो, तो त्वचेखालच्या रक्ताच्या हालचालीवरून अंदाज घेतो. त्याला समोरच्या काचेशी देणंघेणं नाही. तडा गेला तर मात्र वेगळं. तड्यातून घाम-पाणी आत जातं, तेव्हा तडा गेलेलं घड्याळ दुकानात न्यावं. पण चरा निरुपद्रवी आहे. तो दिसतो, एवढाच त्याचा अपराध.

न दिसणारी झीज दोन ठिकाणी चालू असते. एक, बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीला मोजकं आयुष्य असतं. चांगल्या घड्याळाच्या बॅटरीची क्षमता एक हजार पूर्ण चक्रांनंतर ८० टक्क्यांवर येते, असं धरू. रोज एक चक्र म्हटलं तर ही पावणेतीन वर्षं झाली. दोन, सॉफ्टवेअर. कंपनी एक दिवस नवीन आवृत्ती देणं थांबवते, आणि धडधाकट घड्याळ मागं पडतं.

याचं ढळढळीत उदाहरण सांगतो. २०१५ साली ॲपलनं आपलं पहिलं घड्याळ आणलं, त्यात एक प्रकार १८ कॅरट सोन्याचा होता. किंमत दहा हजार डॉलरपासून पुढं. सोनं गंजत नाही. वर काच सफायरची, तिला सहजी चरा नाही. म्हणजे दिसणारी झीज जवळजवळ जिंकलेली! आणि २०१८ साली आलेली सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्या घड्याळावर चालत नव्हती. तीन वर्षं. सोनं तसंच, काच तशीच, घड्याळ मात्र म्हातारं.

मार्टिन हायडेगर यांनी १९२७ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात म्हटलंय की अवजार नीट चालत असतं तेव्हा ते आपल्या नजरेतून नाहीसं होतं. बिघडलं की नजरेत येतं. स्मार्टवॉचनं याची उलटापालट केली आहे. जे बिघडलेलं नाही ते, म्हणजे चरा, सारखं नजरेत येतं. जे खरोखर संपत चाललंय ते नजरेआड राहतं. बाजाराला हे सोयीचंच. चऱ्याचं दुःख झालं की आपण कव्हर घेतो, नाही तर नवं घड्याळ घेतो. बॅटरी बदलून मिळेल का, हे विचारायचं राहूनच जातं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. घड्याळ पाण्यात टिकावं म्हणून ते चिकटवून बंद करावं लागतं, उघडता येण्यासारखं केलं तर पाणी शिरेल. पण पाण्यात चालणारी यांत्रिक घड्याळं कित्येक दशकं वापरात आहेत. त्यांची पाठ आट्यांची, आत रबरी कडं. घड्याळजी पाठ उघडतो, कडं बदलतो, पुन्हा बंद करतो. बंद असणं आणि उघडता येणं यांत मुळात वैर नाही. अवघड आहे, महाग पडेल, हे मान्य. अशक्य आहे, हे मान्य नाही.

कायद्यालाही हे थोडं उमगू लागलंय. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं येतात. युरोपात २०२३ ची बॅटरी नियमावली सांगते की १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. पाण्यात वापरायच्या काही उपकरणांना सवलत आहे, पण तिथंही निदान स्वतंत्र कारागिराला ती बदलता यावी, अशी अट आहे. म्हणजे मिरजेच्या गल्लीतली साधी समज आता नियमाच्या भाषेत येते आहे.

तेव्हा चऱ्यासह जगायचं कसं? माझं उत्तर असं. चऱ्याकडे दुर्लक्ष करा, पण झिजेकडे करू नका. पुढचं घड्याळ घेताना ‘चरा पडेल का?’ हे दुकानदाराला विचारू नका, पडेल. विचारा, याची बॅटरी कोण बदलून देईल, किती पैशात? सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार, हे कुठं लिहून दिलंय? काच फुटली तर नुसती काच मिळते, की सगळं घड्याळच बदलावं लागतं? थोडक्यात, याची जवारी कोण काढणार?

मराठीत ‘झीज सोसणं’ असा सुंदर वाक्प्रचार आहे. दुसऱ्याच्या कामी आपण थोडं कमी होणं. सतारीच्या बाबतीत ही झीज घोडी सोसते, वादक थोडे पैसे सोसतो, कारागीर डोळे आणि पाठ सोसतो. झीज वाटून घेतलेली असते, म्हणून वाद्य पिढ्यान्‌पिढ्या चालतं. स्मार्टवॉचची झीज मात्र सगळी एकट्या गिऱ्हाइकानं सोसायची, आणि वस्तू संपली की कचरा गावानं सोसायचा. बनवणाऱ्यानं काहीच सोसायचं नाही. तक्रार करायचीच असेल तर या वाटणीबद्दल करा. काचेवरच्या त्या बारीक रेघेचा काही दोष नाही.