पद उरले, नाटक कुठे? : डॉ. अशोक दा. रानडे यांच्या निमित्ताने

नाट्यगीत कानावर पडलं नाही असा माणूस दुसरबीडातही सापडायचा नाही. पण ‘संगीत सौभद्र’ पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत किती जणांनी पाहिलं? पदं उरली, नाटक नजरेआड झालं. आज आम्हाला याचाच विचार करायचा आहे.

युरोपातही हे घडलं. स्पेनच्या मार्तीन इ सोलेर याचा ‘उना कोसा रारा’ हा ऑपेरा १७८६ साली व्हिएन्नात गाजला. पुढच्याच वर्षी मोझार्टनं त्यातली चाल ‘डॉन जोव्हानी’त घेतली. पुढं मूळ कृती विस्मरणात गेली, चाल तेवढी राहिली. जोर्दी सावाल या संशोधक-संचालकानं १९९१ साली बार्सिलोनात तो ऑपेरा पुन्हा सादर केला. सुटी गाणी नव्हे, अख्खी कृती.

आपल्याकडे या कामाची बौद्धिक तयारी डॉ. अशोक रानडे (१९३७–२०११) यांच्याइतकी क्वचितच कुणाची असेल. गजाननराव जोशींकडची तालीम, मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचं संचालकपद, महाराष्ट्राच्या रंगसंगीतावर १९८६ चा ग्रंथ. बैठकीची लावणी त्यांनी निवेदनासह मंचावर आणली. गाणं कुठं, कुणासाठी, कसं गायलं जाई, हे सांगून मग ऐकवलं. संदर्भाशिवाय गाणं ऐकवायचं नाही, ही शिस्त आम्हाला फार मोलाची वाटते.

तरी एक प्रश्न उरतोच. निवेदन म्हणजे प्रयोग नव्हे. किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ आणलं तेव्हा साकी, दिंडी आणि कानडी चाली संवादाचंच काम करीत. पात्र बोलता बोलता गाई. १९११ च्या ‘मानापमान’पासून रागदारीचा विस्तार वाढला, वन्समोअर वाढले आणि पद कथेतून सुटून मैफलीत जाऊन बसलं. ही ओढ समजावून सांगता येते, पण उलटवायची तर नाटकच करावं लागतं. रानड्यांचे श्रोते जाणकार झाले. नाटकाचे प्रेक्षक मात्र त्यानं परत येत नाहीत. शिवाय हे काम मुख्यतः मुंबईच्या सभागृहांत झालं. वऱ्हाडापर्यंत त्यातलं किती पोचलं?

आणि वऱ्हाड काही परकं नाही हो! ‘कट्यार काळजात घुसली’चे खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, मूर्तिजापूरचे, नाटककार दारव्हेकर नागपूरचे.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. एक पेटी, एक तबला घेऊन गावच्या शाळेत ‘सौभद्र’चा एक तरी अंक पूर्ण करा. पदं कथेला लागतील तेवढीच गा. रानड्यांच्या अभ्यासाचा खरा उपयोग तिथं होईल.