गॉथ उपसंस्कृती : वेगळेपण आणि सामावले जाणे

‘गॉथ’ या संज्ञेला साहित्याची पूर्वपीठिका आहे. होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’च्या १७६५ मधील दुसऱ्या आवृत्तीला ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिले. भग्न वास्तू, मृत्यूचे सान्निध्य आणि भयाचे आकर्षण ही पुढे या साहित्यप्रकाराची लक्षणे ठरली. याच प्रतिमासृष्टीचा आधार घेत पंकनंतरच्या ब्रिटिश संगीतातून एक युवा-उपसंस्कृती आकाराला आली. ‘बाउहाउस’ या बँडची १९७९ मधील पहिली ध्वनिमुद्रिका आणि लंडनच्या सोहो भागात १९८२ मध्ये सुरू झालेला ‘बॅटकेव्ह’ क्लब हे तिच्या आरंभीचे टप्पे. काळी वस्त्रे, पांढुरका चेहरा आणि डोळ्यांभोवतीचे गडद रंग ही तिची दृश्य ओळख होय.

अशा पेहरावाकडे पाहण्याची एक सैद्धान्तिक दृष्टी डिक हेब्डिज याने १९७९ च्या ‘सबकल्चर’ या ग्रंथात दिली. त्याच्या मते शैली ही चिन्हव्यवस्था असून ती प्रस्थापित अर्थव्यवहारात व्यत्यय आणते. हे विवेचन प्रामुख्याने पंकांविषयीचे. तरीही गॉथांच्या बाबतीत ‘प्रतिकार’ हाच शब्द सवयीने योजला जातो. त्यामुळे समाजात न सामावण्याचा आग्रह हेच या मंडळींचे व्यवच्छेदक लक्षण आहे, असा समज दृढ होतो.

पॉल हॉडकिन्सन याच्या २००२ च्या अभ्यासाने या समजाला छेद दिला. तो स्वतः गॉथ असल्याने त्याला आतील व्यवहार दिसला. सामाईक अभिरुची, आपलेपणाची जाणीव, दीर्घकालीन बांधिलकी आणि स्वतःची दुकाने, नियतकालिके, मेळावे यांवर ही उपसंस्कृती उभी आहे, असे तो दाखवतो. ‘ड्रॅक्युला’च्या कथानकात स्थान असलेल्या व्हिटबी या गावी १९९४ पासून भरणारा मेळावा याचेच उदाहरण. ‘मी कोणासारखा नाही’ असे म्हणणारी व्यक्ती येथे समूहाच्या संकेतांनी पारखली जाते. म्हणजे सामावले जाण्याची गरज नाहीशी होत नाही. ती फक्त दुसरा समूह निवडते. यात दांभिकता शोधण्याचे कारण नाही. व्यक्तीचे वेगळेपणही कोणीतरी ओळखावे लागते, एवढाच याचा अर्थ.

मात्र ही ओळख आतल्यांपुरती मर्यादित राहत नाही. पेहराव धारण करणाऱ्याचा असतो. त्याचा अन्वयार्थ रस्त्यावरचा कोणीही लावतो. २००७ मध्ये लँकेशायरमधील बेकप येथील उद्यानात अशा वेषातील एका युगुलावर हल्ला झाला आणि त्यातील २० वर्षांची तरुणी मरण पावली. हा द्वेषमूलक गुन्हा असल्याचे शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी २००८ मध्ये नमूद केले. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी २०१३ पासून अशा उपसंस्कृतींतील व्यक्तींवरील हल्ले द्वेषमूलक म्हणून नोंदवण्यास आरंभ केला.

येथे चिन्हमीमांसेची मर्यादा उघड होते. शैलीला संहिता मानले की ती अंगावर वागवणारा देह विवेचनातून निसटतो. शैली हा प्रतिकार आहे असे ठरवताना समीक्षक जे गृहीत धरतो, तेच हल्लेखोरही गृहीत धरतो : समोरचा माणूस आपल्याला उद्देशून काही बोलतो आहे. वस्तुतः तो बहुधा आपल्यासारख्यांशी बोलत असतो. म्हणून गॉथ समाजात का सामावत नाहीत, हा प्रश्न अपुरा आहे. सामावून घेण्यासाठी समाज कोणती किंमत मागतो, हा प्रश्न त्याच्या आधी विचारला पाहिजे.