कोसळणे

पावसाळा लागला, की मराठी वर्तमानपत्रांत एका क्रियापदाची भलतीच चलती होते. ते म्हणजे 'कोसळणे'. पाऊस कोसळतो, दरड कोसळते, शेअर बाजार कोसळतो, टोमॅटोचे भाव कोसळतात आणि कसारा लोकलला लोंबकळत शहाडला उतरलेले अस्मादिक घरी येऊन खाटेवर कोसळतात.

तशी पडणाऱ्यांची मराठीत टंचाई नाही. फळ पडते, पान गळते, धोंडा गडगडतो, पाय घसरतो, जुनी भिंत ढासळते. पण कोसळायला अंगी थोडी उंची आणि थोडे वजन लागते. पेन्सिल कोसळत नाही. शिवाय ते एकाएकी व्हावे लागते. ढासळणारी भिंत आधी माती सांडते, पोपडे टाकते. म्हणजे रीतसर नोटीस देते. कोसळणारी देत नाही.

माझी तक्रार आहे ती इथेच. 'पडणे'ला 'पाडणे' आहे, 'तुटणे'ला 'तोडणे', 'फुटणे'ला 'फोडणे'. 'कोसळणे' मात्र एकटे. 'कोसळवणे' व्याकरणात बसते, पण जिभेवर बसत नाही. सरकारचे एक बरे असते. ते कोसळले, की कोणी पाडले हे शेंबडे पोरसुद्धा सांगते. इमारतीचे तसे नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळच्या शीळला बेकायदा उभी राहत असलेली इमारत 'कोसळली' आणि ७४ माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल 'कोसळला' आणि एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. दोन्ही वाक्ये अगदी निर्दोष. इतकी, की त्यांत दोषी कोणी सापडतच नाही.

हे सगळे मला सुचले त्याला कारण आमचा जिना. गेल्या जुलैत त्याच्या छताचे प्लॅस्टर खाली आले. खाली सुदैवाने दुधाची पिशवी तेवढी होती. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी वहीत लिहिले, "मुसळधार पावसामुळे छताचा भाग अचानक कोसळला." वाक्य मला बरे वाटले. सौ.ला वाचून दाखवले.

"अचानक?" ती म्हणाली. "अहो, तीन वर्षं मी त्या जिन्यातले पोपडे झाडतेय. दर महिन्याला तुम्हाला सांगतेय."

"अगं, पण लिहायची पद्धत असते."

"धाकट्यानं पेला पडला म्हटलं की तुम्हीच दरडावता ना, पडला की पाडलास?"

एवढी नेमकी समीक्षा माझ्या कुठल्याही लेखाच्या वाट्याला आलेली नाही. मी 'अचानक' खोडले. मग 'कोसळला' खोडले आणि वाक्याला कर्ता शोधू लागलो.

फार लांब जावे लागले नाही.